सरळ गेलं की मॉस्को

न्यू जर्सीत कुणाची लेक असते, कुणाचा भाचा असतो, आणि कुणाकडे तरी बाळंतपणासाठी आजींना रवाना व्हायचं असतं. मग ‘मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब?’ हा प्रश्न निघतो. घरातला एखादा जाणता माणूस मोबाइल काढतो, दोन विमानतळांची नावं टाकतो आणि उत्तर वाचून दाखवतो : बारा हजार पाचशे आणि वर काही किलोमीटर, मग दशांशचिन्ह, मग आणखी दोन आकडे. त्या शेवटच्या दोन आकड्यांनी ऐकणाऱ्याचं खरं समाधान होतं. दहावीच्या टक्क्यांपासून आपला विश्वास दशांशचिन्हाच्या उजव्या बाजूलाच जास्त बसलेला आहे. माझं म्हणणं असं, की हा आकडा खरा आहे, शास्त्रशुद्ध आहे, आणि आजवर एकही विमान तेवढंच अंतर उडून मुंबईहून न्यूयॉर्कला गेलेलं नाही. कुणीही न केलेल्या प्रवासाचं ते अचूक मोजमाप आहे.

आधी दशांशाचा निकाल लावून टाकू. विमानतळ म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरची सर्वांत लांब धावपट्टीच जवळपास साडेचार किलोमीटरांची आहे. मग अंतर मोजायचं कुठून? प्रत्येक विमानतळाला एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, आणि तो सहसा धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळ येतो. तिथे गवत असतं, फार तर टिटवी असते. प्रवासी कधीच नसतो. शिवाय पृथ्वी हा नीटस गोल धरला तर एक उत्तर येतं आणि ध्रुवांपाशी ती जराशी चपटी आहे हे लक्षात घेतलं तर दुसरं. एवढ्या पल्ल्यावर दोन्हींत दहा-वीस किलोमीटरांचा फरक सहज पडतो. पृथ्वी गोल की चपटगोल यावर वीस किलोमीटर इकडेतिकडे होत असताना आपण दहा मीटरांचा हिशेब डोळे मिटून मान्य करतो. पण ही नुसती किरकोळ कुरबुर झाली. खरी गंमत त्या सरळ रेषेत आहे.

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा ज्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे, त्यांच्या मते मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा माणूस अरबी समुद्र ओलांडतो, आफ्रिकेच्या डोक्यावरून जातो, पुढे अटलांटिक लागतो आणि मग समोर स्वातंत्र्यदेवी. पण गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता वेगळाच निघतो. तो मुंबईतून बाहेर पडतानाच पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे तोंड करतो, जरासा डावीकडे झुकून. गुजरात, मग सिंध, मग कंदाहारच्या आसपासचा अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक. त्यानंतर चक्क मॉस्कोचा परिसर. मग दक्षिण फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या शेपटाला निसटता स्पर्श, कॅनडाचं लॅब्राडोर, आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. म्हणजे आजी अमेरिकेला निघाल्या की ‘सरळ गेलं की मॉस्को लागेल, तिथून पुढे विचारा’ असा पत्ता सांगायला हरकत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पृथ्वीगोल घेऊन त्यावर दोरा ताणून पाहावा. भिंतीवरचा नकाशा उत्तरेकडचे प्रदेश भलतेच फुगवून दाखवतो, त्यामुळे जवळचा रस्ता तिथे लांबचा वळसा वाटतो.

आता या रस्त्यावरच्या गावांची नावं पुन्हा एकदा वाचा. गेल्या काही वर्षांतल्या जागतिक भांडणांची यादी काढायला बसलं असतं तरी यापेक्षा नेटकी निघाली नसती. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. अफगाणिस्तानातलं हवाई वाहतूक नियंत्रण ऑगस्ट २०२१ मध्ये कोलमडलं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. संगणकातल्या सूत्राला यातलं काहीच माहीत नसतं. ते बिचारं अक्षांश-रेखांश घेतं आणि सिंधवरून कंदाहारकडे निर्धास्तपणे रेषा ओढतं. एप्रिल २०२५ नंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेकडे निघालेल्या काही भारतीय विमानांना वळसा एवढा पडू लागला, की इंधनासाठी वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं. दिल्ली जागेवर होती, अमेरिका जागेवर होती, दोघींमधलं अंतर एका मीटरनेही वाढलं नव्हतं. लांबला होता तो फक्त रस्ता, आणि विमानात बसलेल्या माणसाला फक्त रस्ताच भेटतो.

यावर कुणी म्हणेल, की हे अपवादात्मक काळाचं उदाहरण झालं; नेहमीच्या, शांततेच्या दिवसांत विमान साधारण त्या रेषेनेच जात असेल. प्रश्न असा, की हे शांततेचे दिवस नक्की कधी होते? हेलसिंकी आणि टोकियो ही जोडी घ्या. दोघांत सरळ रेषेत सुमारे ७,८०० किलोमीटर. शीतयुद्धात सोव्हिएत संघाच्या आकाशात शिरायला मज्जाव होता, त्यामुळे युरोपातून जपानला जाणारी अनेक विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून, जगाला टोपी घातल्यासारखी वरून फिरून जात. १९८३ मध्ये फिनएअरने मधे न थांबता उत्तर ध्रुवावरून टोकियो गाठायला सुरुवात केली. पुढे सोव्हिएत संघ गेला, सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फिनएअरने तर ‘युरोपातून आशियाला जाण्याचा जवळचा रस्ता’ हाच आपला धंदा केला. मग फेब्रुवारी २०२२ उजाडला, रशियाचं आकाश मिटलं आणि तेरा तासांचा प्रवास पुन्हा उत्तर ध्रुवावरून सुरू झाला. या वेळी प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र देण्यात आलं. साडेतीन तास जास्त बसवून ठेवल्याबद्दल नाराज व्हायला निघालेला माणूस हातात प्रमाणपत्र पडताच फोटो काढू लागतो, हे ज्याने ओळखलं त्याला मानलं पाहिजे. मुद्दा असा, की चाळीस वर्षांत या दोन शहरांमधला प्रवास तीनदा बदलला, आणि ७,८०० हा आकडा मात्र तिन्ही वेळा तोऱ्यात तसाच उभा राहिला.

देशांची भांडणं एक वेळ मिटतील. वाऱ्याशी वाटाघाटी होत नाहीत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांचा पद्धतशीर शोध लावला तो जपानच्या वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्याने १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि परिणामी जगभरच्या लोकांनी तो वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस टोकियोवर बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी विमानांना हा वारा प्रत्यक्ष भेटला तेव्हा वैमानिक चक्रावले. अठरा वर्षांपूर्वी छापून तयार असलेली गोष्ट त्यांना अशी आकाशात वाचावी लागली. आज विमानाचा मार्ग ठरवणारे लोक रोज आधी वारा बघतात, मग नकाशा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळी रात्री ब्रिटिश एअरवेजचं जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. वैमानिकाने काही पराक्रम केला नव्हता, विमानाखालची हवाच लंडनला चालली होती.

वाऱ्याने सरळ रेषेची सगळ्यात मोठी फजिती केली ती दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये. एअर इंडियाची ही सेवा आधी अटलांटिकवरून जात असे, साधारण १३,९०० किलोमीटर, आणि सगळा वारा तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने उलट दिशा धरली : पूर्वेकडे निघायचं, पॅसिफिक ओलांडायचा. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. म्हणजे पुणे-नागपूर अंतराची दुप्पट वाट वाढली, आणि विमान जवळजवळ दोन तास लवकर पोचलं. जास्त लांबून गेलं तर लवकर पोचतं, हे वाक्य भूमितीच्या पेपरात लिहिलं तर मास्तर शून्य देतील. वाहतूक खात्याने पाट्यांवर लिहिलं तर मुंबईकर मात्र लगेच विश्वास ठेवतील.

इथे हिशेबी माणूस हात वर करतो. त्याचं म्हणणं, जाताना वाऱ्याने घेतलेलं येताना वारा परत देतो, तेव्हा सरासरीने सगळं बरोबर. देत नाही. १२,५०० किलोमीटर जायचं आहे, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० धरू. वारा नसेल तर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं लागतात. जाताना वारा समोरून असेल तर वेग ८००, वेळ १५ तास ३७ मिनिटं. येताना मागून असेल तर वेग १,०००, वेळ साडेबारा तास. बेरीज करा : २८ तास ७ मिनिटं. वीस मिनिटं वाऱ्याने मधल्या मधे ठेवून घेतली. कारण साधं आहे, वारा नुकसान करतो तेव्हा जास्त वेळ सोबत असतो आणि मदत करतो तेव्हा लवकर निरोप घेतो.

दुसरा आक्षेप घेणारे काका प्रत्येक लग्नात असतात. ते म्हणतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमानाने मुंबईवर नुसतं वर जाऊन थांबावं. दहा तासांत अमेरिका आपोआप पायाखाली येईल, इंधनाचा पैसा वाचेल. प्रस्तावात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की पृथ्वी फिरताना हवेला मागे टाकून जात नाही. डेक्कन क्वीनच्या डब्यात शिरलेली माशी मुंबईला पोचते ती स्वतः गाडीच्या वेगाने उडून नव्हे, आणि डब्यात अधांतरी घिरट्या घातल्या म्हणून ती खंडाळ्यातच राहूनही जात नाही. दुसरी अडचण काकांना जास्त झोंबेल. मुंबई एकोणीस अक्षांशांवर आहे आणि न्यूयॉर्क जवळपास एक्केचाळीस. त्यामुळे त्यांचा प्रयोग यशस्वी झाला तरी दहा तासांनी खाली न्यूयॉर्क नसेल, कॅरिबियन समुद्र असेल. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासावर होतो हे मात्र खरं. ते उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात त्यात या फिरण्याचा मोठा हात आहे. म्हणजे काकांच्या योजनेला पृथ्वीचा विरोधच आहे.

बरं, वेग तरी स्थिर मानावा का? १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेलं बोइंग ७०७ ज्या वेगाने उडायचं, जवळपास त्याच वेगाने आजची विमानं उडतात. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत टेलिफोन खिशात आला, बँक टेलिफोनात आली, आणि विमान ताशी नऊशेवरच राहिलं. कॉन्कॉर्ड विमानाने बंडखोरी केली. १९९६ मध्ये न्यूयॉर्क ते लंडन त्याने ३ तासांच्या आत कापलं, आणि २००३ मध्ये ते बंद पडलं. माणसाने मिळवलेला वेग पैशांपायी परत केल्याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नसावं. आताच्या विमानांत तर वैमानिक उड्डाणापूर्वी संगणकात एक आकडा भरतो, ज्याला ‘कॉस्ट इंडेक्स’ म्हणतात. वेळ महाग की इंधन महाग, याचं ते गुणोत्तर. आकडा मोठा तर विमान घाई करतं, लहान तर रमतगमत जातं. तेव्हा ‘विमानाला किती वेळ लागतो’ याचं उत्तर काही अंशी आखातातल्या तेलाच्या भावाला विचारायला हवं.

इतकं झाल्यावर समंजस वाचक म्हणेल, की किलोमीटर सोडून देऊ, तास धरू. ‘किती लांब?’ या प्रश्नाला आपण तरी कुठे किलोमीटर सांगतो? आजी परत आल्या की ‘सोळा तास बसून कंबर गेली’ असंच सांगतात, आणि तेच खरं. मला हे मान्य आहे. अडचण अशी, की तिकिटावर छापलेले तासही प्रवासाचे नसतात. तिकिटावरची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात भारत न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री एकला निघालेलं विमान सकाळी सातच्या आत-बाहेर उतरलेलं दिसतं, आणि एखादे आजोबा ‘सहा तासांत? मग एसटीनेच जावं कोल्हापूरला!’ असं म्हणून वजाबाकी मिटवून टाकतात. तारीखरेषेपाशी तर घड्याळ पारच सैल सुटतं. ऑकलंडहून होनोलुलूला जाणारं हवाईयन एअरलाइन्सचं एक विमान ३१ डिसेंबर २०१७ ला रात्री बाराच्या जरा आधी सुटायचं होतं, ते थोडं रखडलं आणि १ जानेवारी २०१८ ला बारा वाजून पाच मिनिटांनी सुटलं. उतरलं ते ३१ डिसेंबर २०१७ ला सकाळी. दहा मिनिटांच्या उशिराने वर्षच मागे गेलं, आणि तक्रार कुणी केली नाही.

घड्याळांचा गुंता सोडवून निव्वळ तास काढले, तरी ते उडण्याचे नसतात. वेळापत्रकातल्या वेळेला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात : विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ. त्यात मागे ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, उतरायची जागा मिळेपर्यंत आकाशात प्रदक्षिणा आल्या. मुंबईच्या सहार विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाला एकच येते. दिल्ली-मुंबई अंतर साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपास. हवेत जातात साधारण पावणेदोन तास. वेळापत्रकात लिहिलेले असतात सव्वादोन किंवा त्याहून थोडे जास्त. मधला अर्धा तास हा रांगेचा, आणि काही थोडा भाग चातुर्याचा. पोचण्याच्या ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान ‘वेळेवर’ धरायची पद्धत आहे. तेव्हा वेळच आधी सैल लिहून ठेवली, की उशिरा सुटूनही वेळेवर पोचता येतं, आणि कधी वैमानिकाला अभिमानाने सांगता येतं, की आपण वीस मिनिटं लवकर उतरलो आहोत. प्रवासी टाळ्या वाजवतात. मग विमान गेटसमोर पंचवीस मिनिटं उभं राहतं, कारण आधीचं विमान अजून तिथून हललेलं नसतं.

याच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, हे नाकारता येत नाही. दोन तास सांगून अडीच लावण्यापेक्षा अडीच सांगून सव्वादोन लावणं सभ्यपणाचं. पुढचं विमान, विमानतळावर वाट बघणारा जावई, सगळ्यांचं त्यावर अवलंबून असतं. मुद्दाम फुगवलेली वेळ आणि अनुभवाने वाढवलेली वेळ यांतली रेषा बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. माझं एवढंच म्हणणं, की मग त्या आकड्याला दोन गावांमधलं अंतर समजू नये. तो दोन गावांमधल्या गर्दीचा अंदाज आहे.

तर मग सरळ रेषेचे ते साडेबारा हजार किलोमीटर वापरतं तरी कोण? कायदा वापरतो, आणि तोही प्रवास बिघडल्यावर. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार विमान रद्द झालं तर भरपाई अंतरावर ठरते : १,५०० किलोमीटरांपर्यंत २५० युरो, पुढच्या टप्प्यांना ४०० आणि ६००. आणि हे अंतर गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेनेच मोजायचं. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या काही प्रवाशांना पोचायला उशीर झाला. दोन्ही टप्पे मिळून त्यांचा प्रवास १,६५६ किलोमीटरांचा होता, म्हणून त्यांनी ४०० युरो मागितले. २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की रोम ते हॅम्बुर्ग सरळ रेषेत १,३२६ किलोमीटर आहे, सबब २५०. म्हणजे ज्या रस्त्याने ते कधी गेलेच नव्हते, त्या रस्त्याचे पैसे त्यांना मिळाले.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असल्या भूमितीत पडायचं टाळलं आहे. आपली भरपाई ब्लॉक टाइमवर चालते : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. आता दिल्ली-मुंबई पुन्हा बघा. हवेतल्या पावणेदोन तासांना साडेसात हजारच मिळाले असते. कंपनीने वेळापत्रक सैल करून सव्वादोन तास लिहिले आणि स्वतःला आपण होऊन दहा हजारांच्या खान्यात नेऊन बसवलं. सरळ रेषेचा, वाऱ्याचा आणि रांगेचा सूड इतका सुबक उगवला जाईल असं कुणाला वाटलं नसेल. प्रवाशाने हर्षभरित होऊन नियमाची पुढची ओळ वाचावी. तिथे लिहिलेलं आहे : किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते.